तिसऱ्या घंटेनंतरचा मोबाइल

१९६८ पासून पुणेकर ज्या बालगंधर्व रंगमंदिरात नाटके पाहत आले आहेत, तिथे गेल्या रविवारी दुसऱ्या अंकातील सर्वांत हळव्या क्षणी, बाप मुलीसमोर निःशब्द उभा असताना, माझ्या मागच्या रांगेत मोबाइल खणखणला. तो बंद करण्याऐवजी त्या गृहस्थांनी तो कानाला लावला आणि "नाटकात आहे, नंतर बोलतो" हे वाक्य तीनदा, प्रत्येक वेळी अधिक मोठ्याने उच्चारले. तिसऱ्या घंटेआधी मोबाइल बंद ठेवण्याची विनंती स्पष्ट शब्दांत झाली होती. हा अनुभव मला आता जवळजवळ प्रत्येक प्रयोगाला येतो, मग ते कोथरूडचे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह असो वा टिळक रस्त्यावरचे टिळक स्मारक मंदिर.

चित्रपटाच्या पडद्याला आवाजाने काही फरक पडत नाही. रंगमंचावरचा नट मात्र जिवंत असतो, त्याला तो ऐकू जातो आणि तालमींतून कमावलेला विराम त्या एका रिंगटोनने कायमचा मोडतो. त्या रात्री रंगमंचावरचे ते ज्येष्ठ अभिनेते क्षणभर थांबले, त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पण तो बाप काही परत आला नाही.