आय आणि बाय

स्कॉटलंडमधल्या गॅलोवेला शेतावर चार दिवस राहायला जायचं ठरलं, तेव्हा माझ्याकडे एकच खातं आलं: दुभाष्याचं. आई साताऱ्याहून मँचेस्टरला आलेली, तिला इंग्रजीचा गंध नाही. मी या देशात अकरा वर्षं काढलेली. म्हणजे दुभाषा मीच.

ग्रेटनापर्यंत मोटरवे होता, तोवर ठीक चाललं. शेवटचे चार मैल मात्र रस्ता एका गाडीपुरताच. समोरून कुणी आलं की एकानं मागे सरत 'पासिंग प्लेस'पर्यंत जायचं. तीनदा गाड्या आल्या, तिन्ही वेळा मागे मीच गेलो. तिसऱ्या वेळी डावा आरसा कुंपणाच्या दगडी गडग्यात ठेवून आलो.

दारात मालक उभा, दरवाज्याएवढा. तो चार-पाच वाक्यं बोलला. त्यातलं 'वी' कळलं, कारण 'वी' म्हणजे छोटं हे वाचलं होतं. बाकीच्यावर मी "थँक यू" म्हणालो.

"आरसा कुठं फुटला इचारतोय तो," आई म्हणाली.

त्यानं बोट आरशाकडेच केलं होतं. मी शब्द ऐकत बसलो होतो.

त्यानंतर आई काही बोलली की मालक मान डोलवून म्हणायचा, "आय." तिकडे 'हो'ला 'आय' म्हणतात. आमच्याकडे आईला आय म्हणतात. मीही म्हणायचो, पुण्याला शिकायला गेलो आणि तिची 'आई' करून टाकली. आता हा सहा फुटी गडी वाक्यागणिक आय म्हणतोय म्हटल्यावर तिनं त्याला तासाभरात दत्तक घेतला. वर मेंढ्यांमागे कुत्री धाडताना तो ओरडायचा, "कम बाय!" घड्याळाच्या दिशेनं वळसा घाल, असा त्याचा अर्थ. उलट दिशेला 'अवे', आणि आता पुरे, परत ये म्हणायला 'दॅटल डू'. ते सगळं मी आईला समजावलं. ती म्हणाली, "कुत्रीला बी बाय म्हणतोय. वळण हाय पोराला."

जेवणाचं भय होतं, तेही फुकट गेलं. तिथं ओट्सच्या लापशीत साखर नाही, मीठ. आईनं ती आंबील म्हणून प्यायली. टॅटी स्कोन, म्हणजे बटाट्याचं थालीपीठच, तिनं लिंबाच्या लोणच्याशी खाल्लं आणि मालकालाही लोणचं वाढलं. तो लाल होता, आणखी लाल झाला, पण "आय" म्हणाला. ब्लॅक पुडिंग कशाचं असतं हे आईनं विचारलं. तिथं मात्र, ते रक्ताचं असतं हे माहीत असूनही, मी दुभाष्याचं कौशल्य दाखवून गप्प राहिलो.

खरा छळ झाला तो उजेडाचा. जुलैत तिथं सूर्य मावळायला पावणेदहा होतात. तिन्हीसांजेला झोपायचं नाही हा आईचा नियम, आणि तिच्या लेखी तिन्हीसांजा सूर्य ठरवतो, घड्याळ नाही. त्यामुळे आम्ही सगळे, सहा वर्षांच्या पोरासकट, जांभया देत पडवीत बसायचो आणि मिज आम्हाला खायचे. मिज म्हणजे डासाचं नातवंड: दिसत नाही, पण वारा पडला आणि हवा दमट झाली की हजारांनी येतं. आईनं उपाय सुचवला, शेणीचा धूर. दारात साठ गाई, पोटाला पांढरा पट्टा असलेल्या, शेणाला तोटा नाही. पण शेणी वाळायला ऊन नको? "एवढं शेण, आन् सगळं पावसात," ती हळहळली. मालकानं मान डोलावली. काय समजून डोलावली, देव जाणे.

तिसऱ्या दिवशी मी एकटाच फिरायला निघालो. स्कॉटलंडमध्ये 2003च्या कायद्यानं सभ्यपणे वागणाऱ्या कुणालाही रानावनात हिंडायचा हक्क दिलाय. कालवडींना तो कायदा माहीत असावा, कारण त्याही माझ्यामागून हिंडू लागल्या. मी थांबलो की थांबायच्या. मी भरभर चाललो की त्याही भरभर. शेवटी मी फाटकावर चढून बसलो आणि खाली वीस ओली नाकं. पाच मिनिटांनी आई आली: पाचवारी, खाली मालकाचे गमबूट. तिनं जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढला. कालवडी पांगल्या. मागून मालक आश्चर्यानं म्हणाला, "आssय!"

"काय रं बाळा," आई म्हणाली.

निघताना त्यानं माझा हात दाबला. "हेस्ट ये बॅक." मी आईला सांगितलं, "लवकर घरी पोचा म्हणतोय."

"घरी कशाला? पुन्हा या म्हणतोय, लवकर. डोळ्यांत बघ की. आन् जातो म्हणू नको, येतो म्हण."

म्हणणार होतो. पण मँचेस्टरची सवय, काच खाली केली आणि मोठ्यानं ओरडलो, "बाय! बाय!"

कुत्री उठली आणि आमच्या गाडीला घड्याळाच्या दिशेनं वळसे घालू लागली. मालक हसता हसता कोठीच्या भिंतीला टेकला, आणि त्याला "दॅटल डू" म्हणायला आवाज फुटेपर्यंत आम्ही तिथंच.