पाटी कोरी, तरी फोन नाही

“अमेरिकेत १९६४ला नागरी हक्क कायदा आला आणि नोकरीतला वंशभेद संपला. कृष्णवर्णीय तरुण मागे पडतात ते शिक्षण, अनुभव आणि पोलिस रेकॉर्डमुळे.” फॉरवर्ड होत होत हे वाक्य आता सर्वमान्य सत्यासारखं फिरतंय. समाजशास्त्रज्ञ डेवा पेजर यांनी २००१ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात बनावट अर्जदार नोकरी मागायला पाठवून नेमकं हेच तपासलं होतं.

शिक्षण-अनुभवाचा मुद्दा आधी निकालात काढू. अर्ज घेऊन गेलेले चौघं, दोन गोरे आणि दोन कृष्णवर्णीय. सगळे २३ वर्षांचे, कागदोपत्री शिक्षण-अनुभव सारखा, वागण्या-बोलण्याची तालीम करून घेतलेली. एका वर्णाची जोडी एकाच ठिकाणी अर्ज करायची. त्यातला एक ‘ड्रग्जच्या गुन्ह्यात १८ महिने तुरुंगात’ असं दाखवायचा आणि ही भूमिका दर आठवड्याला बदलायची. फॉर्मवर गुन्ह्याचा रकानाच नसेल तर अनुभवात तुरुंगातलं काम आणि संदर्भासाठी पॅरोल अधिकाऱ्याचं नाव. गोरी जोडी १५० ठिकाणी गेली, कृष्णवर्णीय २०० ठिकाणी.

आता रेकॉर्ड. कोऱ्या पाटीच्या गोऱ्याला ३४ टक्के ठिकाणांहून बोलावणं आलं, शिक्षा भोगलेल्या गोऱ्याला १७. कोऱ्या पाटीच्या कृष्णवर्णीयाला १४, शिक्षा भोगलेल्याला ५. म्हणजे रेकॉर्ड आड येतं हे खरंच, पण तुरुंगातून आलेला गोरा निष्कलंक कृष्णवर्णीयाच्या मागे नव्हता. तीनदा तर अर्ज देण्याआधीच ‘गुन्हा-बिन्हा आहे का?’ असं विचारलं गेलं, आणि तिन्ही वेळा समोर कृष्णवर्णीयच होता.

दोन्ही जोड्या वेगवेगळ्या मालकांकडे गेल्या, ही शंका रास्त आहे. म्हणून २००४ला न्यूयॉर्कमध्ये गोरा, लॅटिनो आणि कृष्णवर्णीय असे तिघंही एकाच मालकाकडे पाठवले. १७१ ठिकाणी निकाल अनुक्रमे ३१, २५ आणि १५ टक्के.

“मालकांनाच विचारा ना!” विचारलं होतं. मिलवॉकीच्याच मालकांना नंतर फोन केले, तेव्हा शिक्षा भोगलेल्याला घेऊ म्हणणारे ६० टक्क्यांच्या वर निघाले, उमेदवार गोरा असो वा कृष्णवर्णीय. प्रत्यक्षातले आकडे वर आहेतच.

राहिला कायदा. १९८९ पासूनच्या अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१७ला आला. गोऱ्यांना कृष्णवर्णीयांपेक्षा सरासरी ३६ टक्के जास्त बोलावणी, आणि ही तफावत काळाबरोबर घटलेली नाही. (आपल्याकडे संशोधक सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी आडनावं बदलून अर्ज पाठवले, तेव्हाही दलित आडनावांना बोलावणी कमीच आली.) कायद्याला तक्रारदार लागतो. ज्याला फोन आला नाही, त्याला कसं कळणार की दुसऱ्या कुणाला आला?