‘बर्फ टाका, पंप सोडा, मासा जिवंत’: त्या मेसेजचं काय चुकतं

गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाणाऱ्यांच्या मोबाईलवर सध्या एक मेसेज फिरतोय. सारांश असा: १०० लिटरचं निळं पिंप होडीत ठेवा, जाताना खाडीचं पाणी भरा, बर्फाचे दोन-चार मोठे तुकडे टाका, बॅटरीवरचा छोटा एअर पंप सोडा, झाकण घट्ट लावा, कुठलाही मासा संध्याकाळपर्यंत टुणटुणीत. यातला पंप निम्मा बरोबर आहे. बाकीचं एकेक बघू.

‘निळं पिंप.’ प्लास्टिक चांगलंच. तांबं, पितळ किंवा जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा खाऱ्या पाण्यात विष सोडतो. पण नवी मुंबईतल्या तुर्भे-महापेकडच्या भंगारात मिळणाऱ्या पिंपात आधी कुठलं रसायन होतं, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. धुऊन ते जात नाही, प्लास्टिकमध्ये मुरलेलं असतं. नवीन, अन्नासाठीचंच घ्यावं. गोल असेल तर उत्तम, कोपऱ्यात मासा नाक घासून घेतो.

‘खाडीचं पाणी भरा.’ सगळ्यात जास्त मासे इथे मरतात. वाशी पुलाच्या वर, ठाण्याकडे खाडी उथळ आणि अरुंद होत जाते, आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला, तिथलं सांडपाण्याचं पाणी खाली उतरतं. त्यात आधीच ऑक्सिजन कमी असतो. म्हणून पिंप धक्क्यावर भरू नये. बाहेर, मासा जिथे लागतो तिथलं पाणी घ्यावं. परतताना उलटी काळजी: बाहेर असेपर्यंत पाण्याच्या पंपाने ताजं पाणी चालू ठेवावं, खाडीत शिरताना, विशेषतः ओहोटी असेल तर, पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह बंद करून आतल्याच पाण्यात एअर पंपाने हवा सोडावी.

वाहत्या पाण्यासाठी १२ व्होल्टचा, तासाला ५०० गॅलनचा बिल्ज पंप (होडीच्या तळाचं पाणी उपसायचा) पुरतो. डब्यावरचा आकडा तासाला सुमारे १,९०० लिटर म्हणतो. पाणी वर चढवताना तो बराच उतरतो, तरी १०० लिटरचं पिंप तासाला सात-आठ वेळा सहज बदलतं. साधारण २ अँपिअर खातो, म्हणजे चार तासांत ८ अँपिअर-तास. इंजिन चालू करायच्या बॅटरीवर तो लावू नका, वेगळी ठेवा, आणि फ्यूज घाला. आत येणारा पाइप पाऊण इंची असेल तर बाहेर जाणारा दीड इंची हवा. बाहेरच्या तोंडावर एखादी पिशवी किंवा मेलेला मासा अडकला की पाणी थेट होडीत येतं. आत घेणारं तोंड इंजिनच्या धुरापासून आणि होडीतलं तेलकट पाणी बाहेर पडतं त्या भोकापासून लांब असावं.

‘बर्फ टाका.’ हिशोब करा. १०० लिटर पाण्यात १ किलो बर्फ पूर्ण वितळला की पाणी साधारण १ अंशाने उतरतं. दहा किलो टाकला तर ३० अंशांचं पाणी २० वर येतं, आणि जिताड्यासारखा उष्ण पाण्यातला मासा तिथे गारठून आडवा होतो. बर्फ नळाच्या पाण्याचा असला तर क्लोरीनही उरलेलं असू शकतं, आणि ते थोडंही कल्ले भाजतं. खारेपणाही थोडा कमी होतो. बरं, फायदा किती? समुद्राच्या पाण्यात ३० अंशांना लिटरमागे सुमारे ६.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, २५ अंशांना ६.७. खरा लाभ थंडाव्यात माशाची गरज कमी होण्याचा. तो हवा असेल तर पाणी गोठवलेल्या बंद बाटल्या सोडा, पंधरा मिनिटांत १ अंशापेक्षा जास्त उतरू देऊ नका, आणि एकूण चार-पाच अंशांवर थांबा.

‘झाकण घट्ट.’ अंधार माशाला शांत ठेवतो, पण हवाबंद झाकणाखाली कार्बन डायऑक्साइड साचतो. भोकं पाडा. बंद पाण्यात तासन्‌तास मासा राहिला की पाणी आम्लाकडे झुकतं, आणि साचलेला अमोनिया त्यामुळेच कमी विषारी राहतो. अशा पाण्यात एकदम ताजं समुद्राचं पाणी ओतलं की तोच अमोनिया जहाल होतो; ‘पाणी बदललं आणि मेले’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं. पाणी सुरुवातीपासून दर अर्ध्या तासाला एक तृतीयांश बदला. उशीर झालाच असेल तर जुन्यात नवं मिसळू नका, त्याच तापमानाच्या ताज्या पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात मासा उचलून ठेवा. वाहत्या पाण्यात १०० लिटरला ५ किलोच्या वर मासे नकोत, बंद पाण्यात त्याच्या निम्मे.

हात ओले करूनच मासा धरा, जाळी बिनगाठीची किंवा रबराची. अंगावरचा बुळबुळीत थर गेला की माशाला रोगाची लागण होऊ शकते.

‘कुठलाही मासा.’ नाही. सुरमई, बांगडा सतत पोहून कल्ल्यांतून पाणी काढतात, पिंपात गुदमरतात. बोंबील तर वर येतानाच संपतो. जिताडा, शिंगाळा, हेकरू, तांब टिकतात. मात्र खोल पाण्यातून ओढलेल्या तांब-हेकरूची हवेची पिशवी फुगते आणि पोट तोंडातून बाहेर येतं. तो फुगा टोचू नका, ते जठर असतं. आणि चिंबोऱ्या पिंपात टाकूच नयेत: नांग्या बांधून, ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवलेली चिंबोरी त्या पिंपातल्यापेक्षा जास्त जगते.