मुलीचा आवाज आणि कमिटीचा निरोप

आज दुपारी निपाणीहून बहिणीचा फोन आला आणि तेव्हापासून माझे कशातच लक्ष लागलेले नाही. तिची मुलगी पावसाळ्यापासून कुरआनातली सूरह रहमान (सूरह म्हणजे अध्याय) तजवीदसह, म्हणजे उच्चाराच्या नियमांनुसार, घोटत होती, कारण मदरशाच्या वार्षिक जलशात किरातीसाठी, म्हणजे कुरआनच्या पठणासाठी, तिचे नाव लागले होते. जलसा तोंडावर आल्यावर मदरशाच्या कमिटीचा निरोप आला की मुलींची किरात माइकवर होणार नाही. करायचीच असेल तर आतल्या खोलीत, बायकांपुढे करावी. बहिणीने कारण विचारले, तेव्हा निरोप आणणारे गृहस्थ म्हणाले, "बाईचा आवाज परक्या पुरुषांच्या कानावर पडू नये, एवढंही तुम्हाला सांगायला पाहिजे का?" भाचीने आईला विचारले, "मग मला एवढं शिकवलं कशाला?"

आमच्या नानीने असल्या प्रश्नावर तिला गप्प केले नसते. निपाणीतल्या पुष्कळ बायकांप्रमाणे नानी घरी बिड्या वळायची, आणि दुपारी कारखान्यात माल देऊन आली की हात घासून, वुजू करून गल्लीतल्या मुलींना कुरआन शिकवायला बसायची. तिला ना मराठी वाचता येत होते, ना कन्नड, पण अरबी हरफ ती मखरजासह (प्रत्येकाच्या नेमक्या उच्चारस्थानावरून) असे काढायची की शेजारच्या काकूही जोंधळे निवडता निवडता हात थांबवून ऐकायच्या. तिचा आवाज रस्त्यापर्यंत जात असे आणि रस्त्याने पुरुषही जात असत. त्यांपैकी कोणाचे ईमान बिघडल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

तिची एक अडचण होती. मोठ्या मुली महिन्यातले काही दिवस कुरआन म्हणत नसत आणि तेवढ्यात मागचा सबक विसरून येत. एका रमजानमध्ये बयान (प्रवचन) करायला बाहेरगावचे एक वृद्ध मौलाना आले होते. नानीने दाराआडून त्यांना विचारले (घरात आम्ही दखनी बोलतो, मी इथे मराठीत लिहिते आहे), "मौलानासाब, पाठ केलेले विसरले तर गुनाह लागतो असे तुम्ही सांगता, आणि त्या दिवसांत म्हणायचेही नाही असेही सांगता. मग पोरींनी करायचे काय?" ते चिडले नाहीत. दुसऱ्या दिवशी किताब पाहून आले आणि म्हणाले की शिकवणाऱ्या बाईला त्या दिवसांत एकेक शब्द सुटा करून शिकवण्याची मुभा आपल्या हनफी पंथाच्या उलेमांनी (धर्मपंडितांनी) दिलेली आहे, आणि इमाम मालिक यांच्या पंथात तर या बाबतीत याहून मोकळीक आहे. त्यानंतर आमच्या ओसरीवर काही दिवस अख्ख्या आयती ऐकू येत आणि काही दिवस सुटे शब्द. नानीने नियम मोडला नाही. तिने तो विचारून घेतला.

आजच्या गृहस्थांना मात्र प्रश्न विचारणे म्हणजेच बेअदबी वाटते. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की अठ्ठावन्नावी सूरह उघडून पहिली आयत वाचावी. खौला बिन्त सालबा यांच्या नवऱ्याने जुन्या अरबी रूढीप्रमाणे त्यांना "तू मला आईसारखी" म्हणून टाकले, म्हणजे संसारही नाही आणि सुटकाही नाही. त्या थेट पैगंबरसाहेबांपुढे जाऊन वाद घालू लागल्या, आणि वाद घालणाऱ्या या बाईचे म्हणणे अल्लाहने ऐकले, असे त्या आयतीत सांगितले आहे. त्या सूरहचे नावच मुजादला, म्हणजे वादविवाद, असे आहे. पैगंबरसाहेबांच्या पत्नी हजरत हफ्सा यांच्याकडे कुरआनची लिखित पाने जपून ठेवलेली होती आणि तिसरे खलिफा हजरत उस्मान यांनी प्रती तयार करवताना ती त्यांच्याकडूनच मागवली. पाने बाईच्या हवाली चालतात, शब्द तिच्या तोंडी चालत नाहीत, हा कुठला न्याय?

काही हनफी किताबांत बाईच्या आवाजालाही परद्यात धरले आहे, हे मला ठाऊक आहे. सूरह अहजाबमधली बोलण्यात मार्दव नको अशी आयत दाखवली जाईल, हेही ठाऊक आहे. पण ती पैगंबरसाहेबांच्या पत्नींना उद्देशून आहे आणि तिच्यातच रीतसर बोला असेही सांगितले आहे, गप्प बसा असे नाही. कोणीही मोबाइलवर चित्रण करतो आणि मुलीचा व्हिडिओ भलत्याच ठिकाणी फिरतो, ही भीती मात्र खरी आहे. मान्य. मग मोबाइल बाहेर ठेवायला लावा. मुलीला कशाला बाहेर ठेवता?

इंडोनेशियाच्या मारिया उल्फा यांनी १९८० साली मलेशियातल्या आंतरराष्ट्रीय किरात स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला, तोही पुरुष श्रोते आणि परीक्षक समोर असताना. तिथले लोक शाफई पंथाचे आहेत आणि आपण हनफी, असे कोणी म्हणेल. कोकणातले मुसलमानही शाफईच आहेत, आणि त्यांच्याशी सोयरीक करताना हा फरक आपल्याला आडवा आलेला नाही.

मला सर्वांत जास्त राग येतो तो आपल्याच लोकांचा. २०२२ साली हिजाबचा प्रश्न पेटला, मार्चमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला, तेव्हा मुलीची श्रद्धा ही तिची स्वतःची आहे, तिच्या वतीने दुसऱ्याने ठरवू नये, असे आपण सगळे लिहीत होतो. ते आजही खरे आहे. पण ते सरकारला सांगायचे आणि कमिटीला सांगायचे नाही, असे होत नाही. १९५६ पासून सरकारदरबारी प्रश्न विचारून न थकलेल्या सीमाभागात आपण राहतो, आणि घरातल्या मुलीने एक प्रश्न विचारला की आपल्याला घाम फुटतो.

आता ज्यांना ही पोस्ट वाचून "बघा, इस्लाम असाच आहे" असे म्हणण्याचा मोह होतो आहे, त्यांच्यासाठी ती लिहिलेली नाही. हमीद दलवाई यांनी १९६६ साली मुंबईत तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला, त्या बायकांच्या धैर्याबद्दल मला आदर आहे. पण दलवाईंची वाट धर्माच्या बाहेरून जात होती आणि माझी तशी नाही. मी पाच वेळची नमाज पढणारी बाई आहे आणि नानीसारखीच आतून विचारते आहे. ते वृद्ध मौलानाही आतलेच होते. रात्रभर किताब चाळण्याइतका त्यांना एका बिडी वळणाऱ्या बाईचा प्रश्न मोलाचा वाटला, हे आठवले की माझा राग थोडा निवतो. कमिटीतली माणसेही वाईट नाहीत. कोविडच्या काळात मयत उचलायला हीच माणसे पुढे होती.

म्हणून मी भांडायला जाणार नाही. बहिणीने आणि मी मिळून धर्माच्या प्रश्नांवर निर्णय देणाऱ्या मुफ्तीसाहेबांच्या नावे उर्दूत अर्ज लिहिला आहे. अल्पवयीन मुलीने पुरुषांच्या उपस्थितीत किरात करण्यास कोणत्या दलीलीने (धार्मिक आधाराने) मनाई आहे, आणि मनाई नसेल तर तिचे नाव पुन्हा यादीत घालावे, एवढेच त्यात विचारले आहे. उत्तर लेखी मागितले आहे. खाली भाचीनेही सही केली आहे.