मेदकचं चर्च, व्हॅटिकन आणि तांदळाची पोती

आत्या हैदराबादला काचीगुड्यात राहते. परवा तिने घरच्या ग्रुपवर तेलंगणातल्या मेदकच्या चर्चचा फोटो टाकला आणि खाली हातभर मजकूर. हे म्हणे व्हॅटिकननंतर जगातलं दुसरं मोठं चर्च. चारमिनारपेक्षा उंच होतंय म्हणून निजामाने काम अडवलं होतं. रंगीत काचांच्या तिन्ही खिडक्या 1924 सालच्या. आणि गोऱ्या पाद्र्याने दुष्काळात ‘एक पोतं तांदूळ, एक बाप्तिस्मा’ या भावाने गावंच्या गावं बाटवली. एवढ्यावर थांबली असती तर मी गप्प बसलो असतो. पण तिच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई मेदककडच्या, ख्रिस्ती. त्यांना तिने हसत हसत विचारलं, “तुमच्या आजोबांना किती पोती मिळाली?” बाई मान खाली घालून कणीक मळत राहिल्या.

व्हॅटिकनचं आधी उरकतो. मेदकचं चर्च 200 फूट लांब, 100 फूट रुंद. जुन्या गोव्यातलं आपलं से कॅथेड्रल 250 फूट लांब आणि 181 फूट रुंद आहे. जगाचं राहू द्या, इथेच नंबर गेला. मग काही जण सावरून घेतात, “चर्च नाही हो, धर्मप्रांत दुसरा मोठा.” अहो, धर्मप्रांत म्हणजे बिशपच्या अखत्यारीतला मुलूख, आणि व्हॅटिकन आहे 44 हेक्टरचं! त्यापेक्षा मोठी शिवारं आपल्याकडे गावोगाव आहेत. शिवाय 25 डिसेंबर 1924 ला चर्च खुलं झालं तेव्हा ते वेस्लियन मेथडिस्ट या प्रोटेस्टंट मिशनचं होतं, आणि ब्रिटनच्या त्या पंथात बिशपच नसतो. बिशप नाही तर धर्मप्रांत कुठला? तो आला 1947 मध्ये, प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाल्यावर. पोपचा इथे काडीचा संबंध नाही.

चारमिनारचं सोडा. चर्चचा मनोरा 175 फुटांचा आहे आणि गोष्ट गाइडलोकांची आहे.

आता पोती. चार्ल्स वॉकर पॉस्नेट या मिशनऱ्याने 1914 च्या सुमाराला काम काढलं, ते दहा वर्षं चाललं. महायुद्ध, त्यात दुष्काळ. उपाशी माणसं दगड फोडायला, वाहायला आली आणि त्याबदल्यात त्यांच्या पोटाला मिळालं. याला आपल्याकडे मजुरी म्हणतात. 1972 च्या दुष्काळात आत्या स्वतः मराठवाड्यात होती. रस्त्याच्या कामावर खडी फोडून सुकडी खाणारे तिने डोळ्यांनी पाहिलेत. त्यांना सरकारने बाटवलं असं ती म्हणेल का?

एक मात्र कबूल करावं लागेल. पॉस्नेट काही नुसता समाजसेवक नव्हता. त्याला बाप्तिस्मे हवे होते, आणि भुकेलेला माणूस ज्याच्या दारात जेवतो त्याचं ऐकतो, हेही खरं. पण आले ते मुख्यतः माला आणि मादिगा या दलित जातींतले, गावकुसाबाहेरचे. गावच्या विहिरीवर ज्यांना पाणी मिळत नव्हतं, त्यांना मिशनच्या शाळेत आणि दवाखान्यात पाऊल ठेवता येत होतं. या शाळेचा फॉरवर्डमध्ये उल्लेखही नाही.

आणि व्यवहारच बघायचा तर पुढचंही बघा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीत धरत नाहीत. तेलंगणात त्यांना मागासवर्गीयांच्या ‘सी’ गटात टाकलंय, आरक्षण 1 टक्का. एका पोत्यासाठी धर्म सोडला असता तर पोतं संपल्यावर, निदान 1950 नंतर तरी, परत फिरायला काय हरकत होती? त्या बाईंच्या घरात ही चौथी पिढी आहे.

रंगीत काचांच्या तिन्ही खिडक्या ‘1924 सालच्या’ हेही चूक. 1927, 1947 आणि 1958 अशा त्या एकेक करून बसल्या.

आत्या नाताळात मेदकला जाणार आहे म्हणे. जायचं तर दिवसा जा, अंधार पडला की आतून त्या काचा काळ्या दिसतात. आणि निघायच्या आधी बाईंशी बोल. पोत्यांबद्दल नको.