पिल्लांचा स्वभाव आणि आईखालचे गोणपाट

पुण्यात गर्भसंस्कारांची चर्चा निघाली की अलीकडे उंदरांवरच्या प्रयोगांचा दाखला हमखास दिला जातो. आईच्या मनावरील ताणाचे ठसे बाळाच्या जनुकांवर उमटतात, हे आता विज्ञानानेच सिद्ध केले आहे, म्हणून गर्भवतीने सदैव प्रसन्न राहावे, असा त्या बोलण्याचा रोख असतो. माझा आक्षेप प्रयोगांना नाही, त्यांतून काढल्या जाणाऱ्या या उपदेशाला आहे. त्या प्रयोगांत उंदराच्या मादीला प्रसन्न राहायला कोणी सांगितलेले नाही. बदलला गेला तो तिच्याभोवतालचा पिंजरा.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले की उंदरांच्या काही माद्या जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात पिल्लांना पुष्कळ चाटतात, तर काही फारच कमी. पुष्कळ चाटलेली पिल्ले मोठेपणी घाबरली तरी लवकर सावरतात. मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात त्यांच्याकडे ताणाच्या संप्रेरकाचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे संप्रेरकाचा निरोप घेणारे रेणू) अधिक असतात आणि संप्रेरक पुरेसे झाले, आता ते थांबवावे, हा निरोप त्या ग्राहकांमार्फत वेळेवर पोहोचतो. कमी चाटलेल्या पिल्लांत याच ग्राहकाच्या जनुकाच्या नियंत्रक भागावर मिथाइल गट नावाचे छोटे रासायनिक तुकडे चिकटलेले असतात आणि जनुक तेच असूनही दबलेले राहते, असे या गटाने २००४ साली दाखवले. कमी चाटणाऱ्या मादीची पिल्ले जन्मतःच दुसऱ्या, मायाळू मादीखाली ठेवली, तर ती त्या दत्तक आईच्या वळणावर जातात. त्यांतल्या माद्या पुढे स्वतःच्या पिल्लांनाही तसेच चाटतात.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते आणि ती इथेच थांबवली, तर सगळा दोष किंवा सगळे श्रेय आईच्या पदरात पडते. पण याच गटाने पुढे भरपूर चाटणाऱ्या माद्यांना गर्भारपणाच्या अखेरच्या आठवड्यात ताण दिला, तेव्हा बाळंतपणानंतर त्यांचे चाटणे घटले आणि पुढच्या वेताच्या वेळी पुन्हा ताण दिलेला नसतानाही ते घटलेलेच राहिले. कॅलिफोर्नियात टॅली बराम यांच्या प्रयोगशाळेत तर मादीला मारणे, उपाशी ठेवणे यांपैकी काहीच करत नाहीत. घरटे करायला लागणारे साहित्य फक्त अपुरे देतात. तेवढ्याने तिचे पिल्लांकडे पाहणे तुटक आणि बेभरवशाचे होते. ती चाटते, पाजते, मध्येच उठून जाते, परत येते. एकूण माया फारशी कमी होत नाही, तिची लय मोडते, आणि पिल्लांच्या मेंदूच्या जडणघडणीवर परिणाम होण्यास तेवढे पुरते.

पिंजऱ्याबाहेरही हेच दिसते. केनियातील अंबोसेली येथे १९७१ पासून बबून माकडांच्या पिढ्यानुपिढ्या नोंदी ठेवल्या जात आहेत. त्यांतील १९६ माद्यांच्या नोंदींवरून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बालपणीच्या सहा आपत्ती मोजल्या होत्या: दुष्काळ, कळपातील गर्दी, आईचे कळपातील खालचे स्थान, आईचा एकाकीपणा, आईचा लवकर झालेला मृत्यू आणि पाठोपाठ जन्मलेले भावंड. तीन किंवा अधिक आपत्ती वाट्याला आलेल्या माद्या, एखादीच किंवा एकही न आलेल्या माद्यांपेक्षा साधारण दहा वर्षे आधी मेल्या. ही यादी मी पुनःपुन्हा वाचली, कारण तिच्यातली एकही गोष्ट आईच्या मनःस्थितीवर किंवा इच्छेवर अवलंबून नाही.

अर्थात ताण म्हणजे नुसती हानी, असेही नाही. कॅनडाच्या युकॉन प्रदेशात संशोधकांनी लाल खारींना ध्वनिक्षेपकावरून इतर खारींचे आवाज ऐकवून आसपास दाटी झाल्याचा भास निर्माण केला, तेव्हा त्या माद्यांची पिल्ले जादा अन्न न मिळताही वेगाने वाढली. दाटीच्या काळात हद्द मिळवायची, तर हे उपयोगाचेच. त्याच प्रदेशात गाभण सशांपुढे अधूनमधून शिकवलेला कुत्रा सोडला असता मात्र पिल्ले लहान चणीची आणि हलकी निघाली. आई आपल्या शरीरातून पुढच्या दिवसांची वर्दी पिल्लांना देते. ती वर्दी उपयोगी पडणार की घातक ठरणार, हे बाहेरची परिस्थिती ठरवते.

आता आपल्या सोसायट्यांकडे येतो. भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना, हे जुन्या लोकांना सांगावे लागत नाही. कुत्रीचे गाभणपण सुमारे दोन महिन्यांचे असते, म्हणजे दिवाळीचे फटाके अनेक कुत्र्यांच्या नेमक्या शेवटच्या आठवड्यांत येतात. त्यानंतर ती जिन्याखाली किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात गोणपाटावर विते आणि सोसायटीच्या ग्रुपवर मोहीम सुरू होते. वॉचमनला गोणपाट फेकायला सांगतात, पाणी मारतात, पिल्ले उचलून कुठेतरी पलीकडे नेऊन ठेवतात. उंदरांचे निष्कर्ष कुत्र्यांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत, हे मान्य. पण ताणाच्या संप्रेरकाची ही यंत्रणा सस्तन प्राण्यांत मुळात सारखीच आहे, आणि अपुऱ्या घरट्याचा प्रयोग आपण दर हिवाळ्यात करत असतो, फक्त त्याच्या नोंदी ठेवत नाही.

कोलकात्याच्या आयसरमधील संशोधकांनी अशा नोंदी ठेवल्या. भटक्या कुत्र्यांच्या ९५ वेतांतील ३६४ पिल्लांपैकी जेमतेम १९ टक्के प्रजननाच्या वयापर्यंत जगली आणि ६३ टक्के मृत्यूंमागे माणसाचा हात होता. जगलेल्यांचे काय? कुत्र्याचे पिल्लू साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात माणूस ओळखायला शिकते. त्या काळात माणसाचा संबंध केवळ काठी आणि बादली यांच्याशी आला, तर मोठेपणी ते माणसाला भिते, आणि भ्यालेले कुत्रे चावते. रात्री घरी परतणाऱ्यांची, लहान मुलांच्या आईबापांची भीती खोटी नाही, रेबीज तर अजिबात खोटा नाही. म्हणूनच हुसकावून लावण्याचा हा उपाय मला क्रूर वाटतो त्याहून अधिक मूर्खपणाचा वाटतो.

आमच्या सोसायटीच्या समितीपुढे मी लेखी मागणी ठेवली आहे. गोणपाट आणि जिन्याखालचा कोपरा आठ आठवडे तसाच राहू द्यावा, पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत त्यांना कोणी हात लावू नये आणि तिसऱ्या आठवड्यानंतर एकदोन शांत मोठ्या माणसांनी रोज थोडा वेळ त्यांच्याजवळ बसावे. पिल्ले दूध सोडून खाऊ लागली की आईची नसबंदी आणि लसीकरण, आणि पिल्लांचे पुढचा भाद्रपद लागण्याच्या आत.