शोकेसमधले पोवळे

आज जुळे सोलापुरात एका स्नेह्यांकडे सत्यनारायणाच्या प्रसादाला गेलो होतो. उपग्रहांद्वारे समुद्रातल्या प्रवाळांवर, म्हणजे पोवळ्यांवर, कशी नजर ठेवली जाते, याचा व्हिडिओ त्यांनी मोबाइलवर मोठ्या कौतुकाने दाखवला आणि "आता प्रवाळ वाचणारच," असे सांगितले. त्यांच्या पाठीमागच्या शोकेसमध्ये विठोबाच्या मूर्तीशेजारी मालवणहून आणलेला पांढरा प्रवाळ होता आणि त्याच्या छिद्राछिद्रांत धूळ बसली होती. मी मुकाट्याने शिरा संपवला.

राग मात्र अजून उतरलेला नाही. प्रवाळ हा सजीव असून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, त्याचे नाव आहे. वाघाचे कातडे दिवाणखान्यात लावण्याची हिंमत यांना झाली असती का?

आणि मालवणला मी काय केले? स्नॉर्केलिंग करताना मास्कमध्ये पाणी शिरले, घाबरून मी पाय खाली टेकवला आणि तळव्याखाली काहीतरी पापडासारखे मोडले. वाटाड्याने निघण्यापूर्वी दोनदा बजावले होते.

हैदराबादचे इन्कॉइस, म्हणजे सागरी माहिती देणारे राष्ट्रीय केंद्र, उपग्रहाने मोजलेल्या समुद्राच्या तापमानावरून प्रवाळ विरंजनाचे इशारे देते. बेचाळीस अंशांत चहा पिणाऱ्या आपल्याला हसू येईल. पण उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एकच अंश अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या पेशींतील, त्यांना अन्न पुरवणारे शैवाल बाहेर टाकतात, पांढरे पडतात आणि उपासमारीने मरू लागतात. इशाऱ्यांचा उपयोग होतो, हे मान्य. थायलंडने २०१६ मध्ये विरंजनामुळे काही डायव्हिंगची ठिकाणे पर्यटकांसाठी बंद ठेवली होती. परंतु इशारा आल्यावर कोणीतरी बोट थांबवावी लागते, नांगर प्रवाळावर न टाकता पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाला दोर बांधावा लागतो, आणि ते काम उपग्रह करत नाही. सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यातल्या माळढोकाची आपण वर्षानुवर्षे मोजदाद केली. मोजता मोजता पक्षीच दिसेनासा झाला, हे सोलापूरकरांना मी वेगळे सांगायला नको.

वरचे पुन्हा वाचले, तेव्हा स्नेह्यांवर जरा जास्तच तोंडसुख घेतले असे वाटले. त्यांनी तो तुकडा बहुधा किनाऱ्यावरच्या टपरीवरून, शंख-शिंपल्यांसारखी शोभेची वस्तू समजून घेतला असावा. माझ्या पायाखाली मोडले ते तर जिवंत होते, आणि ते कोणत्याही उपग्रहाने टिपलेले नाही.

उद्या त्यांना फोन करणार आहे. आधी मालवणची माझी गोष्ट सांगेन, शोकेसचा विषय त्यानंतर काढेन.